लाट की भरती?

एकाच घरात वाढलेले दोन भाऊ एकाच समुद्राकडे बघतात. एक म्हणतो, "समुद्र चढतोय." दुसरा म्हणतो, "समुद्र होता तिथेच आहे." दोघांचे डोळे चांगले आहेत, आणि दोघांपैकी कुणीही थापा मारणारा नाही. मग असं कसं?

या प्रश्नाने मिहिका तारकरचं जेवणात लक्ष लागत नव्हतं की अभ्यासात. हे दोघे भाऊ म्हणजे तिचे बाबा आणि वेदांतकाका. खारशेतच्या किनाऱ्यावर दोघांची मिळून एक होडी होती, उन्हावर चालणारी. पण ग्रामसभा झाली त्या दिवसापासून होडी धक्क्यालाच बांधलेली होती. भाऊ एकमेकांशी बोलतच नव्हते.

सभेत विषय होता शाळेचा. शाळा किनाऱ्यालगत होती आणि अलीकडे उधाणाचं पाणी वर्गात शिरू लागलं होतं. बाबांचं म्हणणं होतं, आधी शाळा आणि मग किनाऱ्यावरची घरं वरच्या सड्यावर (डोंगरावरच्या खडकाळ पठारावर) हलवावीत. त्यावर काका ताडकन उठले.

"कसली तापमानवाढ? यंदा माघात आपण शेकोट्या पेटवून बसलो होतो! आणि पाणी काय, आमच्या लहानपणीही शिरायचं."

"डोळे उघड जरा!" बाबा ओरडले. मग सगळेच ओरडायला लागले, आणि सभा मोडली.

घरात आता भांडी नेहमीपेक्षा जोरात आदळत होती. मिहिकाला तिथे बसवेना. शाळा सुटल्यावर ती तडक धक्क्यावर गेली. तिथे समुद्रसंशोधकांनी उभा केलेला एक यंत्रमानव होता. पाण्याची उंची, पाण्याचं आणि हवेचं तापमान तो सतत मोजायचा, म्हणून गावाने त्याचं नाव 'मापाड्या' ठेवलं होतं. आज त्याच्या डोक्यावर कुणीतरी जुनं जाळं टाकलेलं होतं. मिहिकाने ते ओढून काढलं.

"मापाड्या, खरं सांग. बाबा बरोबर की काका?"

"उत्तर देतो," मापाड्या म्हणाला, "पण आधी तू सांग. आत्ता भरती लागली आहे की ओहोटी?"

मिहिका वाळूत उतरली. एक लाट आली आणि तिचे पाय भिजवून गेली. "भरती!" पुढची लाट मात्र अर्ध्यातूनच परतली. "अं... ओहोटी?" तिसरी पुन्हा पुढे आली. मिहिका वैतागली. "असं कसं सांगणार?"

"प्रत्येक लाट जिथवर पोचेल तिथे एक काडी रोव. आणि थोडा धीर धर."

धीर हीच गोष्ट मिहिकाकडे आज नव्हती. तरी ती काड्या रोवत राहिली. एखादी लाट आधीच्या काडीच्या पुढे जायची, एखादी फार मागे राहायची. पण बऱ्याच वेळाने तिने मान वळवून पाहिलं, तर सुरुवातीच्या काड्या पाण्यात बुडाल्या होत्या.

"भरती आहे! मधल्या काही लाटा मागे राहिल्या, तरी भरतीच आहे!"

"बरोबर. एक लाट म्हणजे हवा, आज-उद्याची किंवा एखाद्या हिवाळ्याची. भरती म्हणजे हवामान (पुष्कळ वर्षांच्या हवेची सरासरी). यंदाचा थंड माघ ही मागे राहिलेली एक लाट. माझ्याआधी इथे जी यंत्रं होती त्यांची आणि माझी सगळी मापं एकत्र पाहिली, तर काड्या वर सरकलेल्या दिसतात. कोळसा आणि पेट्रोल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो. हा वायू पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, गोधडीसारखा धरून ठेवतो. पाणी तापलं की प्रसरण पावतं (जास्त जागा व्यापतं). शिवाय जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो. म्हणून समुद्र चढतो."

"मग हे काकांना सांग ना!"

"सांगितलं होतं. आलेख दाखवला. त्यांनी माझ्यावर जाळं टाकलं."

मिहिका धावतच निघाली. काका होडीच्या सावलीत बसले होते. हातात काही काम नव्हतं, नुसतेच पाण्याकडे बघत होते.

"काका, एका लाटेवरून सांग, भरती आहे की ओहोटी?"

काका हसले. "एका लाटेवरून कोण सांगेल गो? जरा थांबून बघावं लागतं."

"आणि एका माघावरून?"

काकांचं हसू मावळलं. "तुला तुझ्या बाबांनी पाठवलं?"

"नाही. मीच आले. तुम्ही दोघं बोलत नाही ना, मला घरात गुदमरायला होतं."

काका बराच वेळ वाळू मुठीत घेऊन सोडत राहिले. मग हळूच म्हणाले, "समुद्र चढतोय हे मला दिसत नाही होय गो? पण 'चढतोय' म्हटलं की पुढचा शब्द 'उठा'. पलीकडच्या गावाला उठवलं, आणि आता तिथे हॉटेल उभं आहे. गावच्याच माणसांना वाळूत पाय ठेवू देत नाहीत. म्हणून मी म्हणतो, चढत नाही."

मिहिकाच्या डोक्यात लख्ख झालं. हे दोन प्रश्न होते, आणि काकांनी त्यांची एकच मोळी बांधली होती! समुद्र चढतोय का, हे मोजून कळतं. मग आपण काय करायचं, हे मोजून नाही कळत. ते माणसांनी बसून ठरवायचं असतं. दुसऱ्या प्रश्नाची भीती वाटली म्हणून काका पहिल्याचं उत्तर नाकारत होते.

घरी येऊन तिने बाबांना हे सगळं एका दमात सांगितलं. बाबा म्हणाले, "मग तसं बोलायचं ना त्याने!"

"तू विचारलंस?" मिहिका म्हणाली.

पुन्हा सभा भरली तेव्हा सरपंचबाईंनी मिहिकाच्या सांगण्यावरून दोन्ही प्रश्न वेगवेगळे घेतले. पहिल्याला सर्वांत आधी हात वर झाला तो काकांचा. "चढतोय. लिहून टाका. पण किनारा गावाच्याच नावावर राहील, होड्या इथेच लागतील, तेही लिहा. तरच शाळा हलवू."

"हे तर मलाही हवंय!" बाबा म्हणाले.

मग धक्क्यावरच्या मापाड्याला फोन लावला. काकांनी विचारलं, "अजून किती चढेल रे?"

"थोडा तर चढणारच, ते आता टळत नाही. पण एकूण किती, ते मला सांगता येत नाही."

"एवढी मापं घेतोस, आणि माहीत नाही?"

"जग धूर किती लवकर कमी करेल त्यावर ते आहे. जे माणसांनी अजून केलेलंच नाही, ते मी कसं मोजू?"

बाबांनी काकांकडे पाहिलं. मग शाळा हलवण्याचा ठराव झाला. घरांचं मात्र त्या दिवशी जमलं नाही. त्यावर अजून खूप भांडायचं होतं.

आणि भांडण लगेच सुरूही झालं.

"नव्या शाळेच्या खिडक्या समुद्राकडेच हव्यात," काका म्हणाले.

"सड्यावरचा वारा माहीत आहे का? वह्या उडून जातील!" बाबांचा आवाज चढला.

मिहिकाला बसवेना. माणसांतून वाट काढत ती थेट पुढे गेली. "अरे, मला विचारा की! बसणार मी आहे तिथे!"