धीरकडं

जयसिंग चौगुले मुळात थांबणारा माणूसच नव्हे. चहा असो की रिक्षा, त्याला सगळं आत्ताच्या आत्ता लागायचं. अशा माणसाच्या मनगटात डॉ. तस्नीम मुजावरांनी कोल्हापूरच्या आपल्या प्रयोगशाळेत धीरकडं चढवलं, म्हणजे कमालच म्हणायची!

समोर त्याची धाकटी बहीण मंजिरी बसली होती. कपाळावर मेंदूतल्या हालचालींचा वेध घेणारी मऊ पट्टी, नजर खिडकीकडे. ती स्वमग्न होती, क्वचितच बोलायची. आई गेल्यापासून जयसिंग एकटाच तिचं सगळं बघत होता आणि आता पार टेकीला आला होता. एका निवासी संस्थेत जागा मिळत होती. आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. पण मंजूला न विचारता तिला तिकडं धाडायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"हिला काहीबी विचारा, गप्पच बसते की ओ," तो म्हणाला.

"गप्प नसते. उत्तर जुळवत असते," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्या मेंदूला त्याला वेळ लागतो. जुळणी चालू असेतोवर पट्टी कड्याला कळवते आणि कडं थरथरत राहतं. तोवर तुम्ही अवाक्षर काढायचं नाही. मध्येच दुसरा प्रश्न टाकला की पहिलं उत्तर पुसलं जातं, असा आमचा अंदाज आहे."

"मंजू, तिकडं संस्थेत राहायला जाशील?" जयसिंगने विचारलं.

कडं थरथरू लागलं. टेबलावरचा चहा गार झाला. जयसिंगची चुळबुळ सुरू झाली; त्याने तोंड उघडलं की डॉक्टर डोळे वटारत.

"हो," मंजिरी म्हणाली.

सुटलो, असं त्याला वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. तेवढ्यात ती म्हणाली, "आईला बघायला येते. दवाखान्यात."

जयसिंग गर्रकन डॉक्टरांकडे वळला. "'आईला बघायला येतेस?' असं मी विचारलेलं, मॅडम. आईच्या शेवटच्या दिवशी, पायात चप्पल सरकवता सरकवता. ही काही बोलली नाही, म्हणून घरीच ठेवून गेलो. चार वर्षं झाली की ओ त्याला!"

"म्हणजे आमचंच चुकलं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "उत्तर पुसलं जात नाही. समोर कुणी शांत बसेपर्यंत ते रांगेत थांबतं."

संस्थेचा फोन वाजला. जयसिंगने तो बंदच करून टाकला. जागा गेली तर गेली.

कडं थरथरतच होतं. या चार वर्षांत आपण हिला काय काय विचारलं, ते त्याला आठवू लागलं. वैतागून, ओरडून विचारलेलं, 'तुला काही कळतं का गं?' हेसुद्धा. त्याला भडभडून आलं. पण माफी मागायलाही तोंड उघडायची सोय नव्हती.

मंजिरीने खिडकीवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"कळतं," ती म्हणाली.

कडं अजून थांबलं नव्हतं.