काळ्या काचेवरचा कौल

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सुरू झालं. वेळ एवढी नक्की सांगता येते, कारण प्रवीणने ती कागदावर लिहून ठेवली होती. मशीन कधी बंद पडते, काय करताना पडते, हे लिहिल्याशिवाय तो स्क्रू खोलत नाही. मार्गशीर्षातल्या अवसेचा आदला दिवस, रविवार. गाव कुंभारवाड्याच्या पलीकडचं. नाव लिहीत नाही, त्या घरात लहान पोर आहे.

ही गोष्ट आम्हाला बाबुरावकाकांनी सांगितली. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. रामनगरात त्यांचं वायर-बल्बचं दुकान आहे आणि त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात प्रवीण लॅपटॉप, मोबाईल दुरुस्त करतो. काकांना भुताखेतांचं बोललेलं आवडत नाही. पण त्या दिवशी लाईट गेली होती, जेवणं झाली होती, मी पोराला मांडीवर घेऊन ओसरीवर बसले होते. माझी नणंद पूजा म्हणाली, "काका, तुमच्या त्या प्रवीणला झालंय काय? कुंभारवाड्याकडचं काम म्हटलं की हात जोडतोय."

काकांनी आधी माझ्या मांडीकडे बघितलं. मग म्हणाले, "सांगतो. पण पोरगं झोपलंय न्हवं?"

तर त्या गावात नागराज नावाचा एक मुलगा आहे. होमस्टे बांधणाऱ्यांना घराचे नकाशे काढून देतो. लॅपटॉपवर घर उभं करायचं आणि गोल फिरवून सगळ्या बाजूंनी दाखवायचं, असं ते काम. पण घर फिरायला लागलं की स्क्रीनवर हिरव्या-जांभळ्या पट्ट्या यायच्या आणि लॅपटॉप बंद पडायचा. तीन वेळा त्याने तो बसमधून रामनगरला आणला. दुकानात दिवसभर घर फिरत राहायचं, एक पट्टी यायची नाही. घरी नेला की पहिल्याच संध्याकाळी बंद.

"तुझ्या घरचं करंटच खोटं आसंल," प्रवीण म्हणाला. "मीच येतो बघाय."

"ये की. वाटंत वाघ भेटला तर त्यालाबी एक लॅपटॉप खपव."

असं हसत खेळत ठरलं. प्रवीण मोटारसायकलवरून अंधार पडायच्या आत पोचला. चिऱ्याचं नवं घर, पुढे सारवलेलं अंगण. घरात चार माणसं. नागराज, त्याचा बाप धाकलू, ज्याला सगळे अज्जा म्हणतात, नागराजची बायको सुमंगला आणि त्यांची दीड वर्षाची लक्ष्मी. लक्ष्मीने प्रवीणचा स्क्रूड्रायव्हर पळवला आणि भिंतीवर ठोकत बसली. सुमंगला म्हणाली, "दादा, हिलाच ठेवून घ्या दुकानात. मशीन खोलाय हुशार हाय."

सात दहाला प्रवीणने नकाशातलं घर फिरवलं. तीन फेऱ्या झाल्या, पट्ट्या आल्या, लॅपटॉप बंद. त्याने वेळ लिहिली आणि कामाला लागला.

आधी करंट मोजलं. थोडं कमी होतं. मग वायर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघितलं. तरी बंद. म्हणजे करंट नव्हे.

मग मागचं झाकण खोललं, पंखा साफ केला, चित्र दाखवणारी जी चिप असते तिच्यावरचा वाळलेला मलम खरवडून नवा लावला. तापमान बघितलं, हाताला कोमट. तरी बंद. म्हणजे उष्णता नव्हे.

मग टीव्हीला तार जोडली. स्क्रीन खराब असेल तर टीव्हीवर चित्र चांगलं येतं. पट्ट्या टीव्हीवर पण आल्या, त्याच रंगाच्या, त्याच जागी. म्हणजे स्क्रीन नव्हे, आतली तार नव्हे. सॉफ्टवेअर काढून जुनं घातलं. तेही नव्हे.

"मग चिप गेली," नागराज म्हणाला.

"चिप गेली आसती तर माझ्या दुकानात दिवसभर चालली आसती व्हय?" प्रवीण वैतागला. "ह्यो हितंच मरतोय. हितंच का?"

अज्जा इतका वेळ खांबाला टेकून सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "शिकलेली माणसं तुमी. एक डाव तार म्हणताय, एक डाव चिप म्हणताय. त्यापरास कौल लावा की."

नागराज हसला. प्रवीण पण हसला.

आमच्याकडे कौल सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहिते. देवाच्या पाषाणाला गुरव फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही. देव घाई करत नाही. कधी अर्धा तास जातो, कधी दोन. माणसं हात जोडून बसून राहतात.

अज्जा काही गुरव नव्हे. पण थट्टेची लहर आली. देव्हाऱ्यातल्या शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि बंद लॅपटॉपच्या काळ्या काचेवर चिकटवल्या. म्हणाला, "बघा, पाषाणागत काळा हाय न्हवं?"

आतून सुमंगला सासऱ्यांना ओरडून म्हणाली, "मामा, देवाचं काम ते. मशिनीवर कशाला लावताय?"

"गप गं. थट्टा चाललीया." अज्जाने हात जोडले. "बा मशिनी, बिघाड तारेत हाय काय?"

डावी पाकळी पडली.

"बघ, न्हाई म्हणतंय!" अज्जाने ती परत चिकटवली. "चिपात हाय काय?"

डावी.

"करंटात?"

डावी.

प्रवीण हसायचा थांबला. तासभर राबून त्याने हेच काढलं होतं.

नागराजने विचारलं, "म्हंजे मशीन चांगली हाय?"

उजवी.

"मग बिघाड घरात हाय?"

प्रश्न पुरा झाला नाही. उजवी पडली.

बाहेर रातकिडे होते. ते अज्जाला ऐकू येईनात, असं त्याने मागून सांगितलं. प्रवीणच्या कानाशी येऊन तो म्हणाला, "देवाला येळ लागतो रे. ह्याला येळच लागंना."

"अज्जा, बंद करा आता."

"आसं सोडून उठता येत न्हाई. कोण हाय ते तरी..." त्याने पाकळी लावली. आता आवाज थट्टेचा नव्हता. "तू देव हाईस?"

डावी.

"जा म्हटलं तर जाशील?"

डावी.

"नारळ देतो..."

डावी.

"कोंबडा?"

डावी. इतकी जोरात पडली की काचेवर कुणी टिचकी मारावी तसा आवाज आला.

अज्जाने सवयीने ती पाकळी उचलली. ओली केली. परत चिकटवली. आणि मग त्याच्या लक्षात आलं की पुढचा प्रश्न काय विचारावा लागेल. त्याने तोंड मिटलं.

दोन्ही पाकळ्या काचेवर. प्रश्न नाही.

प्रवीणने फडकं उचललं. एकदा पुसलं असतं की झालं असतं. अज्जाने त्याचं मनगट धरलं.

"लावलेला कौल हातानं काढत न्हाईत. सुकून आपसूक पडू दे. तवर कुणी काय इचारू नगा. तोंडातून प्रश्न काढू नगा."

हे तो हळू बोलला. नागराजने ऐकलं, प्रवीणने ऐकलं. आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

तिघे बसून राहिले. नऊ वाजले. नऊ पाच. पाकळ्यांचं पाणी आटत आलं होतं. कडा वळत होत्या. आणखी थोडाच वेळ...

आत लक्ष्मी रडायला लागली. झोपेचं रडणं, हट्टाचं. सुमंगला तिला थोपटत होती, चुलीवरचं बघत होती. दिवसभराची थकलेली बाई. नागराज उठायला लागला, तेवढ्यात तिचा आवाज आला. रोजचाच.

"गप बसतीस का न्हाई? न्हाई बसत? मग देऊ काय तुला? न्हिऊ दे काय तुला?"

काका इथे थांबले.

मी पोराच्या पाठीवरचा हात काढला नाही. हेच मी पण म्हणते हो. त्या दिवशी दुपारी दोनदा म्हटलं होतं.

...उजवी पाकळी पडली.

रडणं थांबलं. हुंदका नाही, काही नाही. कापल्यासारखं थांबलं.

लॅपटॉप सुरू झाला. बटणाला कुणाचा हात नव्हता. मघाची तपासणी वायर लावून केली होती, पण ती वायर आता काढलेली होती. चिपेवरचा मलम बदलताना प्रवीणने बॅटरीचा जोड सोडवला होता, पुन्हा लावला की नाही ते त्याला आजही आठवत नाही. नकाशातलं घर समोर आलं आणि फिरायला लागलं. एक फेरी. दोन. तीन. चार. पट्टी नाही. पाच. सहा. इतकं स्वच्छ चित्र त्याने त्या लॅपटॉपवर कधी बघितलं नव्हतं.

बिघाड गेला होता.

सुमंगला लक्ष्मीला कडेवर घेऊन बाहेर आली. लक्ष्मी जागी होती. डोळे उघडे. सुमंगला हसत म्हणाली, "बघा. कशी गप झाली."

कुणी तिला काही सांगितलं नाही.

त्या रात्री प्रवीण निघाला नाही. अज्जा कोयता घेऊन उंबऱ्यावर बसला, पोरीला मध्ये घेऊन सगळे एकाच खोलीत झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले. नागराज दर थोड्या वेळाने पोरीच्या नाकापुढे बोट धरत होता. श्वास होता. सकाळपर्यंत होता.

उजाडताच तिला घेऊन देवळात गेले. गुरवाने सगळं ऐकून घेतलं. आधी अज्जाकडे बघून थुंकला. मग अंघोळ करून आला, पाषाणाला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि विचारलं, "लेकरू आमचं हाय न्हवं, बा?"

ते बसले. नऊ वाजले. अकरा वाजले. सुमंगला पाषाणापुढे डोकं टेकून होती, तिला तोवर सांगितलं होतं. दुपार झाली. पाकळ्या सुकल्या, काळ्या पडल्या, चिकटून राहिल्या. उजवी नाही. डावी पण नाही.

गुरव म्हणाला, "देव ह्यात बोलत न्हाई. घरात इचारून, घरातल्या बाईनं तोंडानं दिलंय. ज्येला दिलं त्येच्याकडनं मागून घ्या."

"कुणाला दिलं ते तरी सांगा," सुमंगला म्हणाली.

गुरवाने ताट उचललं आणि आत गेला.

पूजा म्हणाली, "मग पोरगी गेली व्हय, काका?"

"न्हाई गं. हाय की. खाती-पिती, खेळती. पावसाळ्यात बघून आलो मी. दोन वर्सांची झाली. धावती अंगणात."

"मग झालं काय?"

काकांनी चष्मा काढून पुसला. अंधारात चष्मा कशाला पुसायचा, पण पुसला.

गेल्या महिन्यात नागराज लॅपटॉप घेऊन दुकानात आला. लॅपटॉप त्या दिवसापासून एकदाही बंद पडला नव्हता. म्हणाला, "फोटोत कायतरी गडबड हाय, बघ." काका तेव्हा गल्ल्यावरच होते. प्रवीणने फोटो उघडले. मोबाईलवर काढलेले, लॅपटॉपवर घातलेले, लक्ष्मीचे फोटो. बारशाचे, जत्रेतले, परवा काढलेले.

सगळ्यांत सुमंगला होती. कडेवर पोर घेतल्यासारखी वाकलेली. हात गोल केलेला. कमरेवर लुगडं वजनाने दबलेलं, तेही दिसत होतं. हाताच्या आत पोर नव्हतं. मागची भिंत दिसत होती.

पट्ट्या नव्हत्या. काळं नव्हतं. चित्र कुठे फाटलं नव्हतं. भिंतीवरचा खिळा सुद्धा स्वच्छ.

प्रवीणने तेच फोटो पेन ड्राईव्हवर घेऊन आपल्या मशीनवर उघडले. पोर होतं, हसत होतं. परत त्या लॅपटॉपवर लावले. नव्हतं. टीव्हीला तार जोडून बघितलं, तरी नव्हतं. चिप तपासली. तार तपासली. सगळं चांगलं.

"मशीन चांगली हाय," तो म्हणाला, लॅपटॉप मिटून नागराजच्या हातात दिला आणि हात जोडले.

नागराजला तो लॅपटॉप फोडून टाकायचा होता. सुमंगला फोडू देत नाही. ती रोज सांजच्याला एकदा उघडून बघते, पोरीला मांडीवर घट्ट धरून. आली काय, म्हणून.

काकांनी एवढंच सांगितलं आणि उठले. लाईट तोवर आली नव्हती.

मी हे लिहिलंय ते एवढ्यासाठीच. पोर कितीही रडू दे, जेवू दे न जेवू दे, रात्रभर जागवू दे, पण 'देऊ काय' आणि 'न्हिऊ दे काय' असं त्याला विचारू नका. थट्टेत पण नाही. ऐकणारं कोण आहे आणि त्याच्यापुढे काय मांडून ठेवलंय, ते आपल्याला आतल्या खोलीतून दिसत नाही. ज्यांच्या घरात लहान लेकरू आहे त्या सगळ्यांना हे सांगा. बायकांना आधी सांगा. आजच सांगा.