काचेवरचा फडका

वायपरची पाती बदलायला काही अक्कल लागत नाही, असं मतीन म्हणाला होता. मतीन म्हणजे आमचा बीडचा मेकॅनिक. नवी पाती हातात देताना त्यानं एकच ताकीद दिली, "काका, जुनं पातं काढलं की नुसती दांडी उभी ऱ्हाती. तिची स्प्रिंग लई जोराची हाय. आदी काचेवर जाड फडका टाका. दांडी आपटली तर काच गेली समजा."

मी मान हलवली आणि पालीला घरी येईपर्यंत सगळं विसरलो. मान हलवण्यापुरतीच देवानं तुम्हाला दिलीय, असं सत्यशीला म्हणायची. सत्यशीला म्हणजे माझी बायको.

गाडी तिची. ती चौसाळ्याच्या शाळेत शिकवायची आणि रोज स्वतः गाडी चालवत जायची. सुट्टीच्या दिवशी मी शेजारच्या सीटवर साहेबासारखा बसायचो, कारण मला सायकलच्या पुढचं काही आलं नाही. उन्हात गाडी लावली की ती दोन्ही वायपर काचेवरून उचलून उभे करायची. तापलेल्या काचेला रबर चिकटतं म्हणून. गेल्या उन्हाळ्यात ती दवाखान्यात होती. बोलताना धाप लागायची, तरी मी डबा करायला घरी आलो की फोन यायचा, "वायपर उचलले का ओ?" मग मी तव्यावरची भाकरी सोडून बाहेर जायचो आणि उचलून यायचो.

ती गेली, विचारणारं कुणी राहिलं नाही. यंदा मी वायपर उचललेच नाहीत. रबर विरघळून काचेला चिकटून बसलं. गाडी दिंद्रुडच्या तानाजीला विकायची ठरली होती आणि त्या दिवशी दुपारनंतर तो न्यायला येणार होता. तिची गाडी असल्या अवतारात लेकीसारखी सासरी कशी धाडायची? म्हणून मी टळटळीत उन्हात कामाला लागलो.

शेजारच्या छबुबाई भिंतीवरून म्हणाल्या, "भर दुपारचं कावून करताय भाऊ? उन्हं कलू द्या की."

"कलली की तानाजी येतो," मी म्हणालो. त्या आत गेल्या, दाराला कडी लागली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. धरणाकडून एरवी थोडा वारा येतो, तोही थांबला होता. तापलेल्या रबराचा वास तेवढा येत होता.

उजवीकडचं पातं निघालं. दांडी उघडी उभी राहिली. तेवढ्यात घरात फोन वाजला. "काका, निघालो बरं का," तानाजी म्हणाला. मी "ये" म्हणतोय तोच बाहेर दांडी आपटली. पण काच फुटल्याचा आवाज नव्हता तो. थप्प... असा, ओल्या धुण्यावर हात मारावा तसा.

बाहेर आलो. दांडी काचेवर पडली होती आणि तिच्याखाली एक फडका होता, चौपदरी घडी घातलेला. जांभळ्या इरकल लुगड्याचा तुकडा. सत्यशीला याच फडक्यानं गाडी पुसायची. तो डिक्कीत होता. डिक्कीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती.

हात लावला. फडका ओला होता, कडेनं पाणी ठिबकत होतं. त्याला खडूचा वास येत होता. तिच्या हातांना यायचा तसा.

"पडायच्या आदी फडका टाकावा, पडल्यावर रडू न्हाई," हे तिचं नेहमीचं बोलणं. उतरंडीपासून पोरांपर्यंत सगळ्यांना लागू.

"सत्यशीला...?" मी हळूच म्हणालो.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा हाव मोठी होती. ती इथं असेल तर गाडी जाणार नाही, तानाजीला हात जोडून परत पाठवीन, असं मी ठरवलं. पण खात्री हवी होती. दोन्ही पाती बसवली. तोवर कडुलिंबाची सावली सरकून गाडीवर आली होती, डोक्याला जरा बरं वाटलं. वायपर मुद्दाम काचेवर टेकवून ठेवले.

"मी उचलले न्हाईत बरं का... आता तूच उचल," असं म्हणून आत गेलो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. मागं वळून बघायची छाती नव्हती. ती यावी म्हणून जीव नुसता तुटत होता.

तानाजीनं हाक मारली तेव्हा उठलो. वायपर जिथल्या तिथं होते.

मी किल्ली देऊन टाकली. फडका तेवढा ठेवून घेतला आणि अंगणातल्या दोरीवर पसरून चिमटे लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तानाजीचा फोन आला. "काका, एक इचारू का? ह्ये वायपर आपोआप उभे ऱ्हायची काय भानगड हाय? सकाळधरनं दोनदा खाली केले. घरात तर कुणीच हात लावला न्हाई."

"गाडी... कुठं लावलीय?"

"अंगणात की, उन्हात. आमच्याकडं झाड कुठंय?"

मला कालची कडुलिंबाची सावली आठवली. सावलीतल्या गाडीचे वायपर ती कधीच उचलत नसे. इतकी वर्षं हे मी रोज बघितलं होतं. आणि मी तिची परीक्षा घेतली ती सावलीत! घेतली, नापास केलं आणि तिला परक्याच्या दारात पाठवून दिलं.

"तानाजी, खाली करू नको रे ते," मी म्हणालो. "उभेच राहू दे. तिला पुन्हा पुन्हा उन्हात यावं लागतं..."

"कुणाला, काका?"

मी फोन ठेवला. तिचं म्हणून आता तो फडकाच उरला होता. तो आणायला अंगणात गेलो. दोरी रिकामी होती. चिमटे तसेच लावलेले.

आत आलो. मी खाटेवरून ज्या बाजूला उतरतो, त्या बाजूला फरशीवर फडका ठेवलेला होता. चौपदरी घडी, ओला. दांडीखाली होता तसाच.

काय पडणार आहे, ते मी तिला विचारलं नाही. फडका तिथून उचललाही नाही. बीडचा वैशाख आहे, पण अजून तो वाळलेला नाही.