कुल्फीच्या फ्रीजरमधले आलू

जीपच्या टपावरचं पोतं फाटलं ते नेमकं कामरगावच्या स्टँडवर. आधी एक बटाटा टपकला, मग दोन, आणि मग धबाधबा सगळेच! काही पानटपरीखाली गेले, काही रिकाम्या बाकाखाली, आणि उरलेले समोरच्या कुल्फीच्या दुकानात असे शिरले, जणू त्यांना तिथलंच आमंत्रण होतं.

संस्कृतीनं ओढणी कमरेला खोचली आणि जीपमधून उडी मारली. सकाळपासून तिचं डोकं फिरलेलं होतं. कारंज्याच्या बाजारात व्यापाऱ्यानं पोत्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बाहेरचा बटाटा एवढा आला होता, की हिचा परत घेऊन जायची वेळ आली. त्यात आता हे.

"ओ भाऊ! तेवढे आलू पकडा ना जी!" ती ओरडली.

काउंटरमागून एक उंच, सावळा पोरगा बाहेर आला आणि पायरीवरून पळणारे दोन बटाटे त्यानं झेलले.

"पकडतो. पन भाऊ नका म्हनू."

"मंग काय म्हनू?"

"सगळे पकडून झाले का मंग सांगतो."

सगळे पकडून झाल्यावर त्यानं सांगितलं – हरीओम. आणि असं काही हसला, की संस्कृतीला उगाचच पोत्याचं फाटलेलं तोंड बघावंसं वाटलं. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती... हे तिच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. पण आलं खरं.

दुकानात दोन भलेमोठे डीप फ्रीजर होते. तिनं एकाचं झाकण उचलून पाहिलं. आत नुसती थंड हवा.

"रिकामे?"

"थंडीत कुल्फी कोन खाते जी? माशी बी येत नाई. एक तर बंदच हाय."

संस्कृतीच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी चमकलं. पण ते समजायचं तर आधी तिचा आणि तिच्या बापाचा करार सांगायला हवा.

यंदा हरभऱ्याच्या जागी बटाटा लावायचा हट्ट तिचाच होता. जगदेव, तिचे बाबा, लेकीपुढे नेहमीच नमतं घेणारे; त्यांनी वावराचा विहिरीकाठचा तुकडा तिला देऊन टाकला. बटाटा असा आला, की घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि नेमका भाव पडला. तेव्हा गोजराबाईंना, म्हणजे जगदेवच्या थोरल्या बहिणीला, संधी मिळाली. त्यांच्याकडे पुण्याच्या एमआयडीसीतला एक पोरगा तयारच होता. शेवटी बापलेकीत ठरलं ते असं: होळीच्या आत सगळा बटाटा खपला, तर पुढच्या सालीही तो तुकडा संस्कृतीचा आणि तिनं म्हटल्याशिवाय घरात पाहुणे येणार नाहीत. नाही खपला, तर वावरात हरभरा आणि ओसरीवर पाहुणे. होळीनंतर वऱ्हाडातलं ऊन बटाट्याला सोडत नाही, म्हणून मुदत होळीची.

"हे फ्रीजर मले देता?" तिनं विचारलं.

"आलू ठेवाले? ठेवा ना. पोतंच्या पोतं टाका."

"कच्चे टाकले त काळे पडतात."

"कोन म्हनते?"

"मी म्हनते."

पैज लागली. हरीओमनं एक बटाटा तसाच फ्रीजरमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी तो बाहेर काढून ठेवला, तर तासाभरात त्याचं काळंनिळं लिबलिबीत गाठोडं झालं आणि त्यातून पाणी गळायला लागलं.

"बाप्पा! हा त रडून राह्यला," हरीओम म्हणाला.

"तुमी हारले म्हनून," संस्कृती म्हणाली. त्यावर तो इतक्या खुशीत हसला, की नक्की जिंकलं कोण, असा बघणाऱ्याला प्रश्न पडावा.

भाड्याचं विचारलं, तर म्हणाला, "रोज एक टिक्की. पयली. तव्यावरची."

मग सुरू झाला तो कारखाना. दुकानाच्या मागच्या खोलीत हरीओमची आई, लिलाबाई, सोलायला बसायच्या. संस्कृती उकडलेले बटाटे गरम असतानाच कुस्करायची, त्यात भाजलेल्या पोह्यांचं पीठ, हिरवी मिरची आणि बारीक चिरलेला सांबार घालायची. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, आणि त्याच्या वासानं ती कुल्फीची खोली कशी भरून जायची! टिक्क्या आधी ताटात सुट्या-सुट्या मांडून गोठवायच्या, दगडासारख्या झाल्या की मग पिशवीत. नाहीतर सगळ्यांचा मिळून एकच गोळा होतो. पराठे अर्धे भाजायचे आणि मधे कागद घालून रचायचे. हरीओम ताटं उचलून ठेवायचा, आणि प्रत्येक ताटाबरोबर काहीतरी बोलायचा.

"टिक्की गोल काहून करता? बदामाची करा ना."

"बदामाची टिक्की कोन खाईन?"

"मी खाईन ना."

लिलाबाई खाली मान घालून सोलत राहायच्या. एकदा तर त्यांनी हसू लपवण्याच्या नादात सोललेला बटाटा सालांत टाकला आणि सालं पातेल्यात.

ताट देता-घेता बोटं लागायची. बर्फाच्या ताटामुळे त्याची बोटं गार, पातेल्यामुळे हिची गरम... आणि दोघंही ताट लगेच सोडायचे नाहीत. संध्याकाळी घरी जाताना संस्कृती जीपच्या खिडकीशी बसायची आणि आपण विनाकारण हसतोय हे गाव जवळ आल्यावर तिच्या लक्षात यायचं.

जवळपासच्या चहावाल्यांनी पराठे आणि टिक्क्या थोड्याथोड्या करून नेल्या. पण खरा मोठा ढीग अजून बाकीच होता. तेवढ्यात कारंज्याच्या रामकिसनचा निरोप आला. त्याचं नाश्त्याचं मोठं हॉटेल होतं. बुधवारी येतो, चव बघतो, आवडली तर सगळा माल एकदम उचलतो! संस्कृतीनं उरलेले सगळे बटाटे सोमवारीच शिजायला लावले.

आता या सोमवारची गंमत अशी, की गोजराबाईंनी भाचीला सोळा सोमवार धरायला लावले होते, चांगलं स्थळ मिळावं म्हणून. त्या दिवशी मीठ वर्ज्य. एरवी चव बघायला लिलाबाई असायच्या, पण त्या नेमक्या बारशाला गेलेल्या. त्यांची धाकटी जाऊ सोलायला येऊन दुपारीच परतली होती. उपाशीपोटी राबून संस्कृतीचा चेहरा उतरला होता, मनगटावर वाफेचा चटका बसला होता. सगळा माल एकाच मोठ्या घाण्यात मळून झाला, तेव्हा तिनं एक टिक्की भाजून हरीओमच्या हातावर ठेवली आणि त्याच्याकडे डोळे लावून बसली.

"कसं झालं? मीठ?"

हरीओमनं घास चावला. थांबला. तिच्याकडे पाहिलं.

"एकदम... बराबर," तो म्हणाला.

सगळा माल गोठला.

बुधवारी रामकिसन आला. संस्कृतीनं टिक्क्या तळून दिल्या. त्यानं चटणी न लावताच एक तुकडा तोंडात घातला आणि भुवया वर केल्या.

"दवाखान्यात देता का ह्या? मीठच नाई ह्यांच्यात!"

तिनं खाऊन पाहिली. अळणी! हरीओमच्या बडबडीच्या नादात मीठ घालायचंच राहून गेलं होतं. तिनं दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. सगळ्या तशाच. रामकिसन हात पुसून निघून गेला.

"तुमी त चाखली होती," ती हळूच म्हणाली. "तुमाले समजलं नाई?"

हरीओमनं आता पुन्हा खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"समजलं होतं."

"मंग काहून खोटं बोलले?"

"सकाळपासून उपाशी होत्या तुमी. हात भाजलेला. अन् एवढ्या आशेनं पाहून राह्यल्या होत्या माह्याकडे... मले नाई म्हनताच नाई आलं. वाटलं, चटनीत जास्तीचं मीठ टाकून देऊ."

"चटनीत!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माहं वावर होतं जी त्यात. माहं सगळं होतं. गोड बोलनारे घरी लई हायेत मले. तुमाले मी चव पाहाले सांगतली होती."

ती निघून गेली. जीपमध्ये खिडकीशी बसली, पण हसू कुठलं! तिला टिक्क्यांचं वाईट वाटत होतंच. पण त्याहून जास्त राग या गोष्टीचा येत होता, की तो उभा राहून "समजलं होतं" म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा एवढासा झाला होता, आणि तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं होतं.

होळी तोंडावर आली होती. रात्रभर कूस बदलून सकाळी ती उठली, मीठ-लसूण-मिरच्या पिशवीत भरल्या आणि पहिल्या जीपनं कामरगावला आली. बाजाराचा दिवस होता. हरीओम दुकानाच्या पायरीवर बसला होता. तिला पाहून धडपडत उठला.

"सगळं भाएर काढा," ती म्हणाली.

"फेकाले?"

"तळाले! उकडलेला आलू उकडलेलाच राहते. मीठ आता टाकू, अन् आलूबोंडे करू. पन एकदा वितळलं का परत फ्रीजरात जात नाई. आज संपले त संपले."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. लिलाबाई बेसन कालवायला, संस्कृती गोळे वळायला आणि हरीओम कढईपाशी. मीठ यावेळी तिनं स्वतः चाखलं, आणि तरीही त्याच्यापुढे गोळा धरला.

"खरं सांगा."

त्यानं डोळे मिटून खाल्लं. "अजून चिमूटभर पायजे."

तिनं चिमूटभर टाकलं.

लसणाचा खमंग वास बाजारभर गेला आणि माणसं वळू लागली. वर लालभडक तर्री, बाजूला तळलेली मिरची. हरीओम गिऱ्हाइकांना ओरडून सांगत होता, "हा घाना जरा जास्त लाल झाला, काका, पुढचा घ्या!" संस्कृती गोळे वळता-वळता ते ऐकत होती. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा तिचा राग कुठे गेला, ते तिलाही सापडेना.

दुपारी गर्दीत जगदेव दिसले. मागे गोजराबाई. दोघांनीही एकेक प्लेट खाल्ली. गोजराबाईंनी नाक मुरडत दुसरी प्लेट मागितली आणि तिसरीला नाकही मुरडायचं विसरल्या.

ऊन उतरलं तेव्हा पातेल्यात एकही गोळा उरला नव्हता. जगदेवनी वाकून पातेलं पाहिलं, मग फ्रीजर पाहिले.

"संपले?"

"संपले, बाबा."

"मंग बोलल्यापरमाने. वावर तुहं. अन् पाहुने तू म्हनशीन तवाच."

"माय व! अन् माहा तो पुन्याचा पोरगा?" गोजराबाई म्हणाल्या. पण जगदेव रिकामी पोती गोळा करायला लागले होते.

संस्कृतीला नाचावंसं वाटलं. तिनं वळून हरीओमकडे पाहिलं, तर तो बेसनाची परात घासत होता. घासून-घासून तिला भोक पाडायचा त्याचा विचार दिसत होता.

"झालं मनासारखं," तो म्हणाला. "पाहुने बंद. बरं झालं."

"हो ना."

"बरं नाई झालं." त्यानं परात खाली ठेवली. "खोटं नाई बोलत आता. मी होळी झाली का आईले घेऊन तुमच्या घरी येनार होतो. मले तुमी लई आवडता. त्या दिवशी आलू पकडले ना... तवापासून."

संस्कृतीला कानापर्यंत गरम झालं. कढई तर केव्हाच थंड झाली होती, म्हणजे ती वाफ कढईची नव्हती.

"करार नीट आयकला नाई तुमी," ती म्हणाली.

"काय नाई आयकलं?"

"पाहुने मी म्हनीन तवा. म्हंजे बाबानं आनाचे बंद. आत्यानं आनाचे बंद. मी बोलावले त..."

हरीओमचा हात बेसनानं बरबटलेला, तसाच हवेत राहिला. गालावर ती एक खळी उमटू लागली होती.

"...कधी येऊ?" त्यानं विचारलं.

ती बाबांकडे वळली. भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं हाक मारली,

"बाबा! होळीच्या दुसऱ्या दिवशी वावरात जाऊ नका. घरी पाहुने येऊन राह्यले!"

"कोन व?" जगदेवनी पोती खाली टाकत विचारलं.

हरीओमनं बेसनाचे दोन्ही हात जोडले.