फक्त माणसाचा आवाज

नोकरी हवी तर पुणं गाठा, हे सोलापूरच्या पोरींना पाठच असायचं. भुवनेश्वरीच्या बाबतीत मात्र पुणंच लॅपटॉपमधून तिच्या घरी, साखर पेठेत येऊन बसलं. बाळंतपणाची रजा संपली तशी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कामाला लागली. पाठीमागं साडीच्या झोळीत सात महिन्यांचा सिद्धू, आणि झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला. एका पगारात दोन नोकऱ्या!

पायाला अशी सवय जडली, की सिद्धू आजीच्या मांडीवर असला तरी दोरी हलतच राहायची. सासूबाई, सुंदरम्मा, करवादायच्या. "रिकामी झोळी हालवू नये बग. किती येळा सांगायचं?"

"कामात लक्षातच राहत नाही की, आई."

शेजारी दिवसभर यंत्रमागांची खटखट. त्यावर कंपनीनं उपाय दिला होता. माग, पंखा, कुकर सगळं गाळून माइकमधून फक्त माणसाचा आवाज पुढं जायचा.

त्या दुपारी सुंदरम्मा लेकीकडं कुर्डुवाडीला गेल्या होत्या, नवरा गुरु टेंभुर्णीला कामावर. दाराला आतून कडी. मीटिंग लांबतच गेली. सिद्धूची दुधाची वेळ टळली, भुवनेश्वरीची छाती भरून ठणकू लागली, तरी पोरगं गप्प. शहाणं झालं बाई माझं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात पुण्याहून तिची टीम लीडर सोनाली म्हणाली, "भुवना, सासूबाई किती गोड गातात गं. कानडी अंगाई आहे ना?"

"सासूबाई गावाला गेल्यात. घरात मी एकटीच आहे की."

"अगं, मघापासून आम्ही सगळे ऐकतोय."

भुवनेश्वरीनं हेडफोन काढला. मागांची खटखट, बाकी काही नाही. तिनं तो परत चढवला.

"अजून येतंय?"

"हो. आता तर अगदी माइकजवळ."

मग तिच्या ध्यानात आलं, पाय तर आपण कधीचा फरशीवर घट्ट रोवून बसलोय. आणि दोरी अंगठ्याला ओढ देत होती. संथ, एका लयीत.

वळून बघायचा तिला धीर होईना.

"भुवना?" सोनालीचा आवाज बदलला. "थांबलं गं गाणं."

भुवनेश्वरी उठली, दोरीत अडकून धडपडली, गुडघ्यांवरच झोळीपाशी पोचली. तिनं सिद्धूला बाहेर ओढलं. पोरगं जागं होतं. हसत होतं.

"सिद्धरामेश्वरा, माझं लेकरू!" त्याला उराशी कवटाळून ती भिंतीला टेकली. तिथंच तिनं त्याला पाजायला घेतलं.

सिद्धूनं तोंड फिरवलं.

तिनं पुन्हा जवळ घेतलं. त्यानं पुन्हा फिरवलं.

त्याचं पोट टम्म होतं. ओठाच्या कडेनं दुधाचा ओघळ हनुवटीवर उतरला होता.

तिनं तो बोटानं टिपला. अजून कोमट होता.