पूर्वरंगानंतर बंद पडणारं कीर्तन

“पूर्वरंग संपला, बुवांना मी हार घातला, बुक्का लावला, सगळ्यांनी नामघोष केला. उत्तररंग सुरू झाला, आणि घराघरांतून फोन! प्रक्षेपण बंद. सप्ताह बसल्यापासून रोज हेच, शर्वरीजी.”

अन्नपूर्णा भागातल्या कीर्तन मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब बसायलाही तयार नव्हते. हातोद-देपालपूरपर्यंतच्या गावांतली अंथरुणाला खिळलेली माणसं हे कीर्तन मोबाइलवर ऐकत.

“साउंडवाला मानस करतोय. सप्ताहाआधी मी त्याला चारचौघांत झापलं, त्याचा राग. आज बंद पडलं की त्याला कायमची सुट्टी.”

दुपारीच तपासाची कामं घेणारी शर्वरी शितोळे आपला मदतनीस नीरज याला घेऊन सभागृहात पोचली. मानस वायरी गुंडाळत होता.

“मी कशाला बंद करू, दीदी? माझी आजी घरून हेच ऐकते. हॉलमधे तर आवाज एकदम बराबर असतो.”

“मध्ये काहीच होत नाही?”

“हाराच्या वेळेस अप्पासाहेब बुवांच्या माइकची पिन काढतात. वायरीत अडकून तुळशीची माळ तुटली होती एकदा. मग परत लावतात. ते तर बरसों से चालू आहे.”

“बरसों से ना? मग सोडा ते,” नीरज म्हणाला.

प्रक्षेपणाचा कॉम्प्युटर सुरभी सांभाळायची. तिचा आपल्या कामावर भारी भरवसा.

“पडद्यामागे प्रक्षेपण पाठवणारी एक प्रोसेस चालते, ताई. ती कोसळली की आपोआप उठते. आधी अर्धा मिनिट थांबून उठायची, तर लोक ओरडायचे, मध्येच कीर्तन गायब. म्हणून सप्ताहासाठी ते थांबणंच काढलं. पडली की तत्क्षणी उठणार.”

“आणि उठताच परत पडली तर?”

“पाच वेळा प्रयत्न, मग सोडून देते. नाहीतर मशीन त्यातच अडकून बसेल.”

“मानसनेच काही घुसवलंय, लिहून घ्या,” नीरज कुजबुजला.

“भिया, जरा चूप,” शर्वरी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

संध्याकाळी कीर्तनाआधी तिने सगळ्यांना व्यासपीठापाशी बोलावलं.

“अप्पासाहेब, प्रक्षेपण तुम्ही बंद पाडता.”

नीरजच्या हातातला चहा सांडला. अप्पासाहेब खाली बसले.

“पिन निघाली की कॉम्प्युटरला माइक दिसत नाही, प्रोसेस कोसळते. हे दरवर्षीच व्हायचं. लोकांचं कीर्तन अर्धा मिनिट गायब व्हायचं ते यामुळेच. पण ती थांबून उठायची, तोवर हार घालून पिन जागेवर आलेली असायची. यंदा सुरभीने थांबणं काढलं. आता पिन तुमच्या हातात असतानाच ती पाचही वेळा उठून आपटते. पिन परत लागते, हॉलमध्ये आवाज येतो. पण तिकडे प्रोसेसने प्रयत्न सोडून दिलेले असतात. मानसला बंद करायचं असतं, तर तो नेमका हाराचा मुहूर्त रोज कशाला शोधेल?”

ते थांबणं परत लावायला सुरभी आधीच कॉम्प्युटरकडे पळाली होती.

“मग मी हार घालू नको?” अप्पासाहेबांचा आवाज बारीक झाला.

“घाला की. देवाच्या कामात मशीनने थांबावं.”

पूर्वरंग संपला. पिन निघाली, हार बुवांच्या गळ्यात पडला, पिन लागली. सुरभी मोबाइलकडे श्वास रोखून बघत होती. पडदा काळा. काळाच. आणि मग चिपळ्या वाजल्या, बुवा दिसले! एकही फोन आला नाही.

अप्पासाहेब सगळ्यांदेखत उठून मानसपाशी गेले. “चुकलं माझं, बेटा. पुढच्या सप्ताहालाही तूच.”

मानसने बटणावरून नजर हलवली नाही.

“साहेब, पहले ती पिन नीट बसवा. खरखर येतेय.”