अकरा चाळीसची शेळी

गाडी उत्तम चालत होती आणि सोमवारी ती भंगारात जाणार होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे शाल्मलीला कळेना.

वर्ष २०४३, गाव अकोला, महिना मे. शाल्मलीची आई गुरांची डॉक्टर. तिची हायब्रिड गाडी (पेट्रोल आणि बॅटरी, दोन्हींवर चालणारी) सर्व्हिस सेंटरमधल्या सेवक-९ या यंत्रमानवाने चार सेकंद तपासली. बॅटरी तापते, म्हणजे संपली. नवी मिळत नाही. गाडी सोमवारी जमा करावी, असं त्याने अत्यंत प्रेमळ आवाजात सांगितलं. शाल्मलीने आकडे दाखव म्हटल्यावर, माहिती कंपनीची आहे असं म्हणत त्याने सहीसाठी पेन पुढे केलं. गाडी गेली की आईची तीस गावं सुटणार होती.

आई पेन घेणार तोच शाल्मलीने सेवकाचा हात पेनासकट मागे सारला.

घरी आजोबा होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेलेली. सगळं ऐकून ते म्हणाले, "चार सेकंदांत डॉक्टर फार तर नाव विचारतो."

स्टिअरिंगखाली एक खाच असते. गाडीतले सेन्सर (तापमान, वेग वगैरे मोजणारे भाग) काय सांगतात, ते तिथून वाचता येतं. आजोबांनी तिथे घरी जोडलेला, काड्यापेटीएवढा डेटा लॉगर (ठरावीक वेळाने मोजमाप घेऊन वेळेसकट नोंदवणारं यंत्र) बसवला. शाल्मलीच्या हाती मात्र वही दिली.

"यंत्र 'केव्हा' ते सांगेल. 'काय झालं' ते तू लिहायचं. फालतू वाटलं तरी लिहायचं."

तीन दिवस ती आईबरोबर गावोगाव फिरली आणि फालतू ते सगळं लिहीत राहिली.

शनिवारी आलेख काढला. बॅटरीत चौदा कप्पे. चढावर गाडी जोर लावताना सगळ्यांचा व्होल्टेज (विजेचा दाब) सारखाच उतरत होता. एखादा कप्पा मेलेला असता, तर तोच जास्त खाली गेला असता. म्हणजे बॅटरी ठणठणीत. तिला थंड ठेवणारा पंखाही पूर्ण वेगात. तरी तापमान बावन्न अंश. का, ते आजोबांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलंही. मोठी माणसं हे क्वचितच करतात.

मग शाल्मलीला आलेखात एक खड्डा दिसला. शुक्रवारी अकरा चाळीसनंतर तापमान एकेचाळीसपर्यंत उतरलं होतं. संध्याकाळी पुन्हा बावन्न. तिने वही उघडली.

"११.४०: मागच्या सीटवर पाय मोडलेली शेळी. उरलेल्या तीन पायांनी नाचते. प्लास्टिक फाडलं."

"४.०५: आजोबांनी फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली. आई पुन्हा निघाली."

गाडी नवी असताना सीटवर आलेलं ते प्लास्टिक. सीट खराब होईल म्हणून आजोबांनी सोळा वर्षं ते काढू दिलं नव्हतं. सीटच्या कडेला एक जाळी होती. पंखा तिच्यातून गाडीतली गार हवा बॅटरीकडे ओढतो. प्लास्टिक सैल होऊन सरकत आता बरोबर त्या जाळीवर आलं होतं.

"आजोबा, आकडे तुमच्याविरुद्ध आहेत."

"दिसतंय," आजोबा म्हणाले. थोडा वेळ ते चिकटपट्टीचं रीळ बोटांत फिरवत राहिले. "काढ."

सोमवारी सेवक-९ समोर शाल्मलीने आलेख धरला आणि शेळी, प्लास्टिक, जाळी असं सगळं मोठ्याने सांगितलं. शेळी हे कारण यादीत नाही, असं तो म्हणाला.

"मग यादी वाढवा. आणि गाडी पुन्हा मोजा. या वेळी चार सेकंद नाही, अर्धा तास चालवून."

मागे अकरा गाड्यांची रांग होती आणि सगळ्यांच्या काचा खाली आल्या होत्या, त्यामुळे त्याला मोजावं लागलं. अडतीस अंश. मग गाडी जमा करता येत नसल्याचं त्याने कळवलं. आवाजातलं प्रेम बरंच कमी झालं होतं.

रांगेतले पहिले काका लगेच मागच्या सीटकडे वळून प्लास्टिक ओढू लागले.

"थांबा काका," शाल्मली लॉगर घेऊन त्यांच्या दाराशी गेली. "तुमच्या गाडीचं कारण वेगळंही असेल. आधी मोजू. वही आहे?"

काकांकडे वही नव्हती. दुसऱ्या गाडीतल्या काकूंनी आपली पुढे केली. सेवक-९ अजून सहीचं पेन पुढे धरून उभा होता. शाल्मलीने ते घेतलं आणि काकांच्या हातात दिलं.

"लिहा," ती म्हणाली.